बहुमत हवं, दुसरी फेरी नको

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनच्या १३ व्या काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार ठरले होते. डेट्रॉइटचा मोठा भाग सामावणारा हा मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅटिक आहे की पक्षाचं तिकीट मिळालं की नोव्हेंबरची निवडणूक फक्त उरकायची असते. बेळगावचा मुलगा वॉशिंग्टनला जाणार हे त्या रात्रीच ठरलं. मलाही मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी आकडे नीट पाहिले आणि मन थोडं थबकलं. पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात त्या निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, नऊ जण रिंगणात होते. ठाणेदारांना २८ टक्के मतं होती, उरलेली ७२ टक्के आठ जणांत विखुरलेली. १९५५ साली चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेले, तेव्हापासून डेट्रॉइटचा किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचा. जवळपास सत्तर वर्षांची ही परंपरा त्या दिवशी तुटली. यात ठाणेदारांचं काहीच चुकलेलं नाही. मिशिगनचा नियम सांगतो की ज्याला सर्वाधिक मतं तो उमेदवार. त्या नियमाने ते लढले आणि जिंकले. २०२४ मध्ये तर त्यांनी आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतं मिळवली. माझं म्हणणं माणसाबद्दल नाही, नियमाबद्दल आहे. चारातल्या तिघांनी ज्याचं नाव घेतलं नाही, तो त्या पक्षाचा उमेदवार कसा म्हणायचा?

मी टेक्ससमध्ये राहते, डॅलसजवळच्या अर्व्हिंगमध्ये. आमच्याकडे ही गोष्ट अशी झाली नसती. टेक्ससमध्ये पक्षाच्या प्रायमरीत निम्म्याहून एक तरी मत जास्त मिळवावं लागतं. कुणालाच ते जमलं नाही तर पहिले दोघे पुन्हा लढतात. या फेरलढतीला इथे सगळे ‘रनऑफ’ म्हणतात. प्रायमरी मार्चच्या पहिल्या मंगळवारी आणि रनऑफ मेच्या चौथ्या मंगळवारी. मध्ये जवळजवळ बारा आठवडे जातात. मार्चमध्ये ज्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं, मेमध्ये त्याच पक्षाच्या रनऑफमध्ये देता येतं. मार्चमध्ये घरीच बसलेल्याला मात्र कुठलाही पक्ष मोकळा. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, अर्कान्सा, ओक्लाहोमा, साउथ कॅरोलायना या राज्यांतही थोड्याफार फरकाने हेच चालतं. साउथ कॅरोलायनात तर दोन आठवड्यांतच दुसरी फेरी होते. २०१० मध्ये निकी हेली ४९ टक्क्यांवर अडकल्या होत्या, दोन आठवड्यांनी ६५ टक्के घेऊन त्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार झाल्या.

कागदावर हे अगदी न्याय्य वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

२८ मे २०२४ ला आमच्या डॅलस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेरिफपदाचा रनऑफ होता. विद्यमान शेरिफ मॅरियन ब्राउन आणि आधीच्या शेरिफ लुपे वाल्डेझ, दोघींपैकी कुणालाच मार्चमध्ये निम्मी मतं मिळाली नव्हती. आदल्या दिवशी मेमोरियल डेची सुट्टी, तीन दिवस बाहेर गेलेली माणसं रात्री उशिरा घरी परतलेली. आणि त्या मंगळवारी सकाळी मतदान सुरू होण्याच्या सुमाराला असं वादळ आलं की लाखो घरांची वीज गेली. रस्त्यांवर झाडं आडवी झाली. काउंटीतल्या शंभराहून जास्त मतदान केंद्रांवर वीज नव्हती. शेवटी मतदानाची वेळ रात्री नऊपर्यंत वाढवावी लागली. मी संध्याकाळी गेले. मार्चमध्ये याच केंद्रावर मी अर्धा तास रांगेत उभी होते. आता दारात कुणी नव्हतं. आत चार निवडणूक कर्मचारी, दोन पेडेस्टल पंखे आणि टेबलावर कुणीतरी घरून आणलेला बिस्किटांचा डबा. बाईंनी माझं कार्ड तपासलं, हसून म्हणाल्या, “या, या. दिवसभर वाट बघतोय आम्ही.” मतदान करून बाहेर पडायला मला चार मिनिटंही लागली नाहीत. गाडीत बसल्यावर काच खाली करून मी थोडा वेळ तशीच थांबले. सव्वीस लाख वस्तीच्या काउंटीचा पोलीसप्रमुख आपण इतके थोडे जण ठरवतोय, हा विचार त्यानंतर डोक्यातून गेलेला नाही.

म्हणून रनऑफच्या बाजूने कुणी “बहुमत” हा शब्द वापरला की मी विचारते, कुणाचं बहुमत?

२०१२ चं उदाहरण घ्या. टेक्ससमधून सेनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी. लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट पहिले आले, त्यांना सुमारे ६ लाख २८ हजार मतं, जवळपास ४५ टक्के. टेड क्रूझ ३४ टक्क्यांवर दुसरे. दोन महिन्यांनी रनऑफ झाला आणि क्रूझ ५७ टक्के घेऊन जिंकले. त्या ५७ टक्क्यांमागे मतं किती होती? सुमारे ६ लाख ३२ हजार. ड्यूहर्स्टना जी मतं पहिल्या फेरीत अपुरी पडली, त्यापेक्षा जेमतेम चार हजार जास्त मतांवर क्रूझना निर्विवाद बहुमताचा विजय मिळाला. मतदारांचा कौल बदललाच नाही असं मी म्हणत नाही. काहींचा नक्की बदलला. पण ते बहुमत मुख्यतः लोक घरी राहिल्यामुळे तयार झालं. मे महिन्यात चौदा लाख आले होते, जुलैअखेरीस अकरा. टक्केवारी काढताना खालचा आकडाच लहान झाला.

२०१८ मध्ये दुसऱ्या पक्षात हेच आणखी मोठ्या प्रमाणात झालं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत मार्चमध्ये दहा लाखांहून अधिक मतं पडली, मेच्या रनऑफमध्ये साडेचार लाखांहूनही कमी. आणि ज्या दिवशी मी त्या रिकाम्या केंद्रावर गेले, त्याच दिवशी ब्यूमाँटच्या बाजूला टेक्सस विधानसभेचे सभापती डेड फेलन आपली जागा ३६६ मतांनी राखत होते. तीन कोटी लोकांच्या राज्याचा सभापती कोण, हे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कुणाला गाडी काढता आली यावर इतकं अवलंबून असावं?

मे महिन्यात गळतात ती माणसं कोणती, हेही बघायला हवं. तासावर पगार घेणारी, दोन पाळ्या करणारी, शाळा सुटल्यावर मुलांना कुठे ठेवायचं ही विवंचना असणारी. परगावी शिकणारी मुलं मेच्या मध्यावर हॉस्टेल सोडून घरी गेलेली असतात. नियमितपणे परत येतात ती वयाने मोठी, घरदार असलेली, पक्षाची कट्टर माणसं. दुसऱ्या फेरीत मतदार फक्त कमी होत नाहीत, ते वेगळे होतात.

इथला इतिहास मी उशिरा वाचला, आणि वाचल्यावर अस्वस्थ झाले. रनऑफ प्रायमरी ही मुख्यतः दक्षिणेकडच्या राज्यांतच का आहे? विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नावापुरताच होता. प्रायमरी जिंकली की सगळं जिंकलं. मग खरी निवडणूक प्रायमरीच असेल तर तिथे तरी बहुमत हवं, हा विचार चुकीचा नव्हता. मिसिसिपीने १९०२ मध्ये हे सुरू केलं, टेक्ससने १९१८ मध्ये. त्याच १९१८ मध्ये टेक्ससने बायकांना प्रायमरीत मतदानाचा हक्क दिला. मी मतदान यंत्रासमोर उभी राहते तेव्हा ही गोष्ट मला आठवते.

पण १९२३ मध्ये त्याच टेक्ससने कायदा केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मत नाही. खरी निवडणूक प्रायमरी, आणि तिच्याच दाराला कुलूप. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, वकील थर्गुड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली, आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांची प्रायमरी घटनाबाह्य ठरवली. कुलूप निघालं. मग प्रश्न उभा राहिला की आत आलेल्या मतांना वजन किती द्यायचं.

जॉर्जियात याचं उत्तर उघडपणे दिलं गेलं. १९५८ मध्ये मेकन शहरातला एक आमदार, डेन्मार्क ग्रूव्हर, निवडणूक हरला. कृष्णवर्णीयांनी एकगठ्ठा मतं विरोधात टाकली म्हणून आपण पडलो, असं त्याचं ठाम मत होतं. तो पुन्हा निवडून आला आणि सगळीकडे निम्म्याहून अधिक मतांची अट घालण्यासाठी झटला. १९६४ मध्ये कायदा झाला. हिशेब सोपा होता. गोऱ्यांची मतं चार जणांत फुटली आणि कृष्णवर्णीय समाज एकाच्या मागे उभा राहिला, तर तो एक पहिला येईल. दुसऱ्या फेरीत मात्र सगळे गोरे एकत्र येतील. पुढे न्यायालयातल्या साक्षीत ग्रूव्हरने आपण वर्णभेदाचे समर्थक होतो हे कबूल केलं. १९९० मध्ये संघराज्याच्या न्याय खात्याने या कायद्याविरुद्ध दावा लावला, पण वरिष्ठ न्यायालयाने १९९८ मध्ये कायदा टिकवला. तो आजही आहे.

नॉर्थ कॅरोलायनात १९८२ मध्ये हेच प्रत्यक्षात दिसलं. डरहॅमचे मिकी मिशो, कृष्णवर्णीय वकील, पहिल्या फेरीत ४४ टक्के घेऊन बरेच पुढे होते. बाकीची मतं दोन गोऱ्या उमेदवारांत वाटली गेली. रनऑफमध्ये टिम व्हॅलेंटाइन ५४ टक्क्यांनी जिंकले. त्या राज्यातून १९०१ नंतर एकही कृष्णवर्णीय काँग्रेसमध्ये गेला नव्हता, आणि त्यासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. १९८४ मध्ये कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी अध्यक्षपदाच्या प्रचारात रनऑफ बंद करा ही मागणी लावून धरली ती याच जखमेमुळे. नॉर्थ कॅरोलायनाने नंतर अट ४० टक्क्यांवर आणली आणि अलीकडे ३० वर.

इथे माझी खरी अडचण होते. मिशोंचं उदाहरण वाचून मन म्हणतं, सर्वाधिक मतं हाच नियम बरा. मग डेट्रॉइट आठवतं. तिथे सर्वाधिक मतांच्याच नियमाने कृष्णवर्णीय मतदारांची मतं फुटली आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. डरहॅममध्ये रनऑफने एका समाजावर अन्याय केला, डेट्रॉइटमध्ये रनऑफ नसल्याने. म्हणजे अट ५० वरून ४०, ४० वरून ३० अशी खाली ओढत नेणं हा उपाय नव्हे. ३० टक्क्यांत कुणाची मतं फुटली आणि कुणाची नाही, यावर तिकीट ठरणार असेल तर तो लॉटरीचा निकाल आहे.

रनऑफमुळे टोकाची माणसं गाळली जातात, असंही सांगितलं जातं. कधी जातात, कधी नेमकी तीच निवडून येतात. १९६६ मध्ये जॉर्जियात गव्हर्नरपदाच्या प्रायमरीच्या पहिल्या फेरीत माजी गव्हर्नर एलिस अर्नाल पुढे होते, तरुण जिमी कार्टर तिसरे. रनऑफ जिंकला लेस्टर मॅडॉक्सने, आपल्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना पाऊल टाकू न देण्यासाठी जो प्रसिद्ध झाला होता. १९७० मध्ये अलाबामात त्याच पदासाठी अल्बर्ट ब्रूअर पहिल्या फेरीत जॉर्ज वॉलेसच्या पुढे होते. मधल्या आठवड्यांत वॉलेसच्या बाजूने असा जहरी वर्णद्वेषी प्रचार झाला की दुसऱ्या फेरीत ब्रूअर पडले. जास्तीचे आठवडे विचार करायला मिळतात, हे खरं. भीती पसरवायलाही तेच आठवडे मिळतात.

आणि हातचलाखीलाही. १९४८ ची टेक्ससची सेनेट प्रायमरी इथे अजून लोक विसरलेले नाहीत. पहिल्या फेरीत माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन लिंडन जॉन्सन यांच्यापेक्षा ७१ हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. ऑगस्टच्या रनऑफमध्ये जवळपास ९ लाख ८८ हजार मतं पडली आणि जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. मतदानानंतर सहा दिवसांनी ॲलिस नावाच्या छोट्या गावातल्या १३ नंबरच्या पेटीत २०२ नावं वाढल्याचं आढळलं, त्यातली दोनशे जॉन्सन यांची. मतदारयादीतली ती नावं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, वर्णानुक्रमाने लिहिलेली होती. त्या माणसाने पुढे अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून मतदान हक्काचा कायदा केला आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना खरा मताधिकार मिळवून दिला. त्याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे. ८७ मतांचं ते बहुमत मात्र मला कुणी बहुमत म्हणून दाखवू नये.

आता रनऑफच्या बाजूचं सर्वांत जड उदाहरण, कारण ते टाळून मला पुढे जायचं नाही. मिसिसिपी, २०१४. सेनेटची रिपब्लिकन प्रायमरी. क्रिस मॅकडॅनियल ४९.५ टक्के, जुने सेनेटर थॅड कॉक्रन ४९, आणि उरलेले दीडेक टक्के तिसऱ्याला. नियम नसता तर मॅकडॅनियल तिथेच जिंकले असते. तीन आठवड्यांनी रनऑफ. कॉक्रन यांच्या माणसांनी कृष्णवर्णीय वस्त्यांत, चर्चमध्ये, मिसिसिपी डेल्टात जाऊन मतं मागितली. या राज्यात मतदारयादीवर पक्ष लिहिलेला नसतो. डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत न दिलेला कुणीही येऊ शकत होता. आणि लोक आले. पहिल्या फेरीत ३ लाख १९ हजार मतं होती, दुसऱ्यात ३ लाख ८२ हजार. कॉक्रन ७,६६७ मतांनी जिंकले. ज्या समाजाला लांब ठेवण्यासाठी दक्षिणेत या अटीचा वापर झाला, त्याच समाजाने तिच्या दुसऱ्या फेरीत निकाल फिरवला. हे वाचताना माझा ऊर भरून आला. पण असं क्वचित होतं. काँग्रेसच्या जागांसाठी झालेले रनऑफ पाहिले तर बहुतेक सगळ्यांत मतदान घसरतं. मिसिसिपीत ते वाढलं म्हणून तर त्याची इतकी चर्चा झाली.

या सगळ्यावर उत्तर मला कुठल्या पुस्तकात नाही, तासगावच्या मामांच्या बोलण्यात सापडलं. वादळाच्या त्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता, वीज आली का विचारायला. मी मतदानाचं सांगितलं तेव्हा त्यांना आधी हेच नवल वाटलं की इथे पक्षाचं तिकीट मतदार ठरवतात. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो हे शेवटच्या दिवशी दुपारी कळतं, मग बंडखोरी, मग रात्रभर मनधरणी. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेस पक्षाने लातूर आणि वर्ध्यात कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला होता, तो त्यांना आठवत होता; तो पुढे सरकला नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं. मग मी रनऑफ समजावला. मामा म्हणाले, “अगं, मग दोनदा कशाला बोलवतात? आम्ही पदवीधरला काय करतो? एकदाच जायचं, एक, दोन, तीन लिहून यायचं.”

मी गप्प झाले. खरंच की! विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत हेच चालतं. जांभळ्या शाईचा पेन देतात, उमेदवाराच्या नावापुढे पसंतीक्रम लिहायचा. पहिल्या पसंतीत कुणी कोटा, म्हणजे निम्म्याहून अधिक मतं, गाठला नाही की सर्वांत खालचा उमेदवार बाद, त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघायची, ती मतं त्या त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात. असं करत करत एक जण उरतो. पुणे पदवीधरला २०२० मध्ये साठहून अधिक उमेदवार होते, मतपत्रिका उघडून धरायला मामांना दोन्ही हात लागले होते, तरी ते मत बाद न होऊ देता घरी आले. २०२३ मध्ये अमरावती पदवीधरची मोजणी दुसऱ्या दिवसावर गेली, दुसऱ्या पसंतीची मतं मोजून धीरज लिंगाडे विजयी झाले. मोजणाऱ्यांना एक रात्र जागावं लागलं. मतदारांना दुसऱ्यांदा यावं लागलं नाही.

अमेरिकेतही हे अनोळखी नाही. न्यूयॉर्क शहरात महत्त्वाच्या पदांच्या प्रायमरीत ४० टक्क्यांची अट आणि रनऑफ होता. २०१३ मध्ये पब्लिक अ‍ॅडव्होकेट या, नागरिकांच्या तक्रारी पाहणाऱ्या, पदासाठी असा रनऑफ झाला. त्यावर सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले, आणि त्या कार्यालयाचं वर्षाचं अंदाजपत्रक होतं २३ लाख. २०१९ मध्ये शहराने कौल घेऊन पसंतीक्रम स्वीकारला. २०२५ च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानी पहिल्या पसंतीत निम्म्यापर्यंत पोचले नव्हते. बाकीच्यांच्या पुढच्या पसंती मोजल्यावर ते अँड्र्यू क्युमो यांच्यापुढे ५६ टक्क्यांवर गेले. आणि हा फक्त डाव्यांचा हट्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी व्हर्जिनिया बघावं: २०२१ मध्ये तिथल्या रिपब्लिकन पक्षाने आपला गव्हर्नरपदाचा उमेदवार, ग्लेन यंगकिन, पसंतीक्रमानेच निवडला आणि नोव्हेंबरमध्ये निवडूनही आणला.

पण मला सर्वांत जास्त पटणारा पुरावा दक्षिणेतलाच आहे. संघराज्याच्या २००९ च्या कायद्याने परदेशातल्या सैनिकांना मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी पाठवावी लागते. रनऑफ चार आठवड्यांत घ्यायचा तर हे जमणार कसं? म्हणून जॉर्जिया, अलाबामा, अर्कान्सा, साउथ कॅरोलायना ही राज्यं परदेशातल्या सैनिकांना पसंतीक्रमाची मतपत्रिका देतात. पहिल्याच वेळी एक, दोन, तीन लिहून पाठव. रनऑफ झाला तर तुझं मत त्यातल्या वरच्या पसंतीला जाईल. अलाबामाने २०२४ मध्ये पसंतीक्रम मतदानावर कायद्याने बंदी आणली, त्यातूनही परदेशातल्या मतदारांची ही सोय वगळली. म्हणजे ही पद्धत समजायला कठीण आहे, हे म्हणणं त्याच राज्यांच्या तोंडी शोभत नाही. जर्मनीतल्या तळावर असलेला जॉर्जियाचा सैनिक एका कागदावर दोन्ही फेऱ्यांचं मत देतो. जॉर्जियातल्या कोलंबस गावात राहणारी त्याची आई तेच करायला महिनाभरात दोनदा सुट्टी काढते.

आक्षेप आहेत, आणि ते मी हलके मानत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२१ ला पहिल्यांदा ही मोजणी झाली तेव्हा चाचणीसाठी भरलेली सुमारे १ लाख ३५ हजार मतं निकालात मिसळली गेली, जाहीर केलेला निकाल मागे घ्यावा लागला. विश्वास बसायला लागतात वर्षं, जायला एक संध्याकाळ पुरते. त्याच निवडणुकीत एरिक अ‍ॅडम्स ७,१९७ मतांनी जिंकले, आणि सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका शेवटच्या फेरीपर्यंत पोचल्याच नाहीत, कारण त्यांवर उरलेल्या दोघांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. हे बहुमत पूर्ण नाही, मान्य. पण हाच काटा रनऑफलाही लावा. टेक्ससमध्ये २०१८ ला मार्च ते मे साडेपाच लाखांहून जास्त मतं गळाली. न्यूयॉर्कमध्ये दहा लाखांच्या आत मतदान होऊन १ लाख ४० हजार गळाली. आणि न्यूयॉर्कच्या मतदाराला निदान पाच नावं लिहायची संधी त्याच टेबलावर होती. ती त्याने वापरली किंवा सोडली. टेक्ससच्या मतदाराकडून ती कामाच्या पाळीने, आजारी मुलाने, वादळाने काढून घेतली.

एक गोष्ट मात्र रनऑफकडे खरंच आहे, आणि ती गमावण्याचं मला दुःख होईल. दहा जणांच्या गर्दीत कुणाचंच नीट ऐकू येत नाही. दोघेच उरले की समोरासमोर उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. आमच्या शेरिफच्या लढतीत तुरुंगातल्या परिस्थितीबद्दल मला जे काही कळलं ते मार्चनंतर कळलं. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इतकंच म्हणेन की प्रायमरीआधी जास्त चर्चा घडवणं पक्षांच्या आणि वर्तमानपत्रांच्या हातात आहे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी लोकांना केंद्रावर आणणं कुणाच्याच हातात नाही.

टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी जानेवारीत भरतं. माझ्या भागाच्या प्रतिनिधीला मी पत्र लिहिलं आहे, आणि आमच्या गटातल्या ज्या बाया-पुरुषांना इथे मताधिकार आहे त्यांनाही लिहायला सांगितलं आहे. मागणी एकच आहे. निम्म्याहून अधिक मतांची अट तशीच ठेवा, ती चांगली आहे, मिशिगननेही ती घ्यावी. पण मार्चमध्येच मला पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहू द्या. सुरुवात काउंटीच्या पदांपासून करा, शेरिफपासून करा. पत्रासोबत मी मामांनी पाठवलेला पुणे पदवीधरच्या नमुना मतपत्रिकेचा फोटो जोडला आहे, आणि खाली इंग्रजीत लिहिलं आहे की चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या मामांना हे जमतं.